बाप्तिस्म्याचे पाणी एकच: ख्रिस्ती श्रद्धेतील स्त्री-पुरुष समता समजून घेताना

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात रविवारी सकाळी कोणी एकेका चर्चच्या दारात जाऊन "ख्रिस्ती धर्मात स्त्री आणि पुरुष समान आहेत का?" असे विचारत फिरले, तर त्याला एकच एक उत्तर मिळणार नाही. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करणारे फादर पुरुषच असतात. त्याच मिस्सेत पवित्र शास्त्रातील वाचन करणारी व्यक्ती मात्र स्त्री असू शकते. १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते समर्पित झालेले ठाण्याचे सेंट जेम्स चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे आहे, आणि त्या संस्थेत स्त्रीला पाळकपदाची दीक्षा घेता येते. खाडी ओलांडून वाशी, नेरूळ, ऐरोलीकडे गेले की एकाच नोडमध्ये लॅटिन कॅथलिक, सिरो-मलबार, मार थोमा अशी निरनिराळी चर्चे भेटतात आणि दुकानांच्या वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये जमणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्याही भेटतात. प्रत्येक ठिकाणी हातात पवित्र शास्त्र असते, आणि तरीही स्त्रीने कोठे उभे राहावे, काय बोलावे आणि काय करू नये याविषयीचे नियम वेगळे असतात.

हे वेगळेपण पाहून बाहेरचा माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: एक तर या धर्मात समता मुळातच नाही, किंवा समता ही गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बाहेरून आलेली आधुनिक गोष्ट आहे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. वाद आहे तो प्रामुख्याने दोन ठिकाणी, वेदीपाशी आणि घरात. त्याखालचा पाया जवळजवळ सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य आहे, आणि तो पाया म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा विधी. म्हणून सुरुवात तेथूनच केलेली बरी.

प्रवेशाचा विधी

स्त्री-पुरुष समतेविषयी ख्रिस्ती लोक सर्वाधिक उद्धृत करतात ते वचन पहिल्या शतकातील प्रेषित पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या ओळीत आहे: "यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही, कारण तुम्ही सर्व जण ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात." भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि महिला मंडळाच्या बॅनरवर हे वचन इतक्या वेळा दिसते की ते कोणत्या भांडणात लिहिले गेले हे लक्षातच राहत नाही.

भांडण सुंतेचे होते. यहूदी नसलेल्या ज्या लोकांनी येशूवर विश्वास ठेवला, त्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, यावरून पहिल्या शतकातील मंडळ्यांत फूट पडत होती, आणि पौलाचे हे सबंध पत्र म्हणजे सुंतेच्या सक्तीविरुद्धचा संतप्त युक्तिवाद आहे. देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण सुंता ही होती, आणि ती खूण उघडच पुरुषाच्याच देहावर होती. स्त्री त्या करारात होती, पण कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी पत्नी म्हणून. पौल सांगतो की ख्रिस्तात येण्यासाठी ती खूण लागत नाही, आणि भेद नसल्याचे वचन लिहिण्याच्या अगोदरच्याच ओळीत तो बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो: ज्यांचा ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला, त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे.

येथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सारा विषय या एका बदलावर उभा आहे. बाप्तिस्मा मुलीलाही मिळतो आणि मुलालाही. पाणी तेच, "पिता, पुत्र व पवित्र आत्मा" हे शब्द तेच, आणि त्यातून मिळणारे सभासदत्वही तेच. स्त्रियांसाठी वेगळा, हलका किंवा पतीच्या मार्फत मिळणारा बाप्तिस्मा असा प्रकार ख्रिस्ती धर्मात नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई आपोआप ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे परत आल्या, तरीही त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर.

कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदेसंग्रहही याच पायावर बोलतो. त्यातील २०८ व्या कलमानुसार ख्रिस्तात झालेल्या पुनर्जन्मामुळे, म्हणजे बाप्तिस्म्यामुळे, सर्व श्रद्धावंतांमध्ये प्रतिष्ठेची खरी समता आहे. त्याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की जी बऱ्याच कॅथलिकांनाही ठाऊक नसते. नवजात अतिदक्षता विभागात एखादे बाळ दगावण्याच्या स्थितीत असेल आणि फादर येण्याइतका वेळ नसेल, तर रात्रपाळीची नर्स बाळाच्या कपाळावर पाणी ओतून "मी तुला बाप्तिस्मा देते" असे म्हणू शकते. हेतू योग्य असला की तो बाप्तिस्मा पूर्णपणे वैध असतो. ती स्वतः ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. बाळ वाचले तर चर्चमध्ये उरलेले विधी होतात, पण बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नाही.

पौलाच्या त्या वचनाला जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुढच्याच ओळीत तो लिहितो की तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर तुम्ही अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहात. ज्या जगात वारसा साधारणपणे मुलाकडे जात असे, त्या जगात स्त्रियाही ऐकत असलेल्या मंडळीत हे पत्र मोठ्याने वाचले जात होते. "वारस" या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ, कारण ठाण्यात हा विषय केवळ आध्यात्मिक राहिलेला नाही.

आधी काय होते

बायबलच्या पहिल्याच अध्यायात, उत्पत्ती १:२७ मध्ये, देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला आणि नर व नारी अशी ती निर्माण केली, असे म्हटले आहे. पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा त्या दोघांनाही एकत्रच आहे. पतीने पत्नीवर स्वामित्व चालवण्याची भाषा प्रथम येते ती तिसऱ्या अध्यायात, पाप घडल्यानंतर, त्याच्या परिणामांच्या यादीत. त्याच यादीत काटेकुसळे आणि घाम गाळून मिळणारी भाकरही आहे. शेतातले तण उपटणे हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असे कोणताही शेतकरी मानत नाही; मग त्याच यादीतील पतीचे स्वामित्व तेवढे दैवी व्यवस्था म्हणून का जपायचे, हा समतावादी वाचकांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. पारंपरिक वाचकांचे म्हणणे असे की नेतृत्वाचा क्रम पापापूर्वीच, आदाम आधी निर्माण झाला तेव्हाच ठरला, आणि पापाने फक्त तो क्रम बिघडवला.

जुन्या करारातील समाज पुरुषप्रधान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी त्यात दबोरा इस्राएलचा न्यायनिवाडा करते, आणि योशीया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो तेव्हा त्याविषयी देवाला विचारण्यासाठी राजाने पाठवलेले अधिकारी हुल्दा या संदेष्ट्रीकडे जातात. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, मार्थेची बहीण मरीया येशूच्या पायांजवळ बसून ऐकते, जी जागा शिष्याची असे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू प्रथम मग्दालीया मरीयेला दर्शन देऊन शिष्यांना निरोप सांगायला पाठवतो. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१६ मध्ये, तिच्या २२ जुलैच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा देण्यात आला.

पौलाच्या सहकाऱ्यांची यादी तर अनेकांना चकित करते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियातील मंडळीची सेविका फीबी आहे, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपे आहे (येथे पत्नीचे नाव आधी आले आहे), आणि प्रेषितांमध्ये नामांकित म्हटलेली युनिया आहे. चौथ्या शतकातील धर्मपिता योहान क्रिसोस्तोम याने युनियाला स्त्री मानूनच तिची स्तुती केली होती. पुढे कित्येक शतकांनी तिच्या नावाचे पुरुषी रूप करून ती पुरुष असल्याचे सांगितले जाऊ लागले, कारण स्त्री प्रेषित असेल ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांच्या पचनी पडत नव्हती.

अवघड वचने

मग "स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा" हे कोठून आले? तेही पौलाच्याच नावाच्या पत्रात, इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, बाविसाव्या वचनात आहे. लग्नाच्या उपासनेत हा भाग अनेकदा वाचला जातो, आणि बाविसाव्या वचनापासून वाचन सुरू झाले की मंडपातल्या काही पुरुषांच्या चेहऱ्यावर हसू येते आणि काही स्त्रिया खाली पाहतात. यात छपाईचाही थोडा दोष आहे. पुष्कळ छापील आवृत्त्यांत एकविसाव्या आणि बाविसाव्या वचनाच्या मध्ये "पती व पत्नी" अशा आशयाचे ठळक उपशीर्षक घातलेले असते, ते मूळ पत्रात नाही. एकविसावे वचन सांगते की ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून घ्यावे लागते. म्हणजे परस्परांच्या अधीन असण्याचे वाक्यच पुढे चालू राहते आणि पत्नीचा उल्लेख हे त्याचे पहिले उदाहरण ठरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या पत्रात हाच अर्थ मांडला आहे: अधीनता एकतर्फी नसून परस्परांची आहे.

पतीला जे सांगितले आहे ते तर पत्नीला सांगितलेल्याच्या तिप्पट लांबीचे आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचा प्राण दिला, तशी प्रीती त्याने पत्नीवर करावी. त्या काळच्या ग्रीक-रोमी जगात घराचे नियम सांगण्याची ठरीव पद्धत होती. अरिस्टॉटलपासून पती-पत्नी, पिता-मुले, धनी-दास अशा तीन जोड्या लावल्या जात, आणि सत्ता कशी चालवावी हे घरधन्याला शिकवले जाई. इफिसकरांस पत्रात याच तीन जोड्या येतात. फरक असा की येथे घरधन्याला सत्ता चालवायला शिकवलेले नाही, तर जीव द्यायला सांगितले आहे. आणि तिसरी जोडी दासांची आहे हे विसरता कामा नये. दासांनी धन्याचे ऐकावे असे तेथे लिहिले आहे म्हणून गुलामगिरी कायम असावी, असे आज कोणतेही चर्च म्हणत नाही. मग तीन जोड्यांपैकी एक त्या काळापुरती आणि दुसरी सर्वकाळची कशी, याचे उत्तर परंपरावाद्यांना द्यावे लागते. ते देतात: विवाह हा निर्मितीपासूनचा आहे, गुलामगिरी माणसांनी केलेली आहे. उत्तर हलके नाही, पण त्यातून विवाहाचे चिरंतनत्व सिद्ध होते. पतीच्या हुकमतीचे होत नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्रात एके ठिकाणी स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे, आणि त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे गृहीत धरून फक्त मस्तक झाकण्याविषयी सूचना आहे. दोन्ही एकत्र वाचले की सरसकट मौनाची आज्ञा टिकत नाही. त्याच पत्राचा सातवा अध्याय मात्र क्वचितच कोणी व्यासपीठावरून वाचतो. तेथे पौल म्हणतो की पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, आणि लगेच म्हणतो की त्याचप्रमाणे पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे. पहिला अर्धा भाग पहिल्या शतकात कोणालाही मान्य झाला असता. दुसरा ऐकून मात्र त्या काळचे बहुतेक पती अवाक झाले असते.

सर्वांत अवघड वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे: स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार गाजवावा याला मी परवानगी देत नाही. काही अभ्यासक हा इफिस येथील खोट्या शिक्षणावरचा तात्कालिक उपाय मानतात, आणि काही तो कायमचा नियम मानतात, कारण पुढेच आदाम-हव्वेचा दाखला दिलेला आहे. जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील फूट मुख्यतः या एका वचनावर आहे.

हे वचन माणसांच्या आयुष्यात कसे उतरते, ते पंडिता रमाबाईंच्या बाबतीत दिसले. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या, पुरुषांच्या सभांत ज्यांनी भारतभर व्याख्याने दिली, त्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवले तर मायदेशी रमाबाईंचा प्रभाव कमी होईल, असे बिशपांना वाटत होते. आपल्या देशबांधवांनी कधी घेतली नाही ती हरकत येथे घेतली जात आहे, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले आणि त्यांनी पत्रांतून ते स्पष्टपणे लिहिले. याच रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनी केले आणि ते रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांना शिकवण्यास ज्यांना मनाई होऊ पाहत होती, त्यांचे भाषांतर पुरुषांनीही वाचले.

वेदीपाशी

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट केली: स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, कारण येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले आणि परंपरा अखंड तीच आहे. ही भूमिका नीट समजून घ्यायला एक दाखला उपयोगी पडेल. एखाद्या हाऊसिंग सोसायटीत सर्व सभासदांचे भागप्रमाणपत्र सारखे आहे, मताचा हक्क सारखा आहे, पण सेक्रेटरी मात्र ठरावीक सभासदांतूनच निवडला जातो, असे समजा. टीकाकार म्हणतात की मग भागप्रमाणपत्र सारखे असून उपयोग काय? चर्च म्हणते की धर्मगुरूपद हे सेक्रेटरीपदासारखे सत्तेचे पद नाही, तो कोणाचाच हक्क नाही, आणि म्हणून ते न मिळाल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. हे उत्तर तत्त्वतः सुसंगत आहे. व्यवहारात मात्र पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मंडळीचा पैसा, जागा आणि निर्णय दीक्षा घेतलेल्यांच्याच हाती एकवटतात, तेव्हा ते लंगडे पडते. २०१० मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण जाहीर केले आणि २०२१ मध्ये वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांना खुली केली. या गोष्टी याच फटीवरचे उपाय आहेत.

सीएनआय आणि दक्षिणेतील तिची भगिनीसंस्था चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआय, यांनी वेगळा रस्ता धरला. सीएसआयमध्ये २०१३ साली एग्गोनी पुष्पललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या.

घरात आणि निबंधक कार्यालयात

श्रद्धा काहीही सांगो, भारतातील ख्रिस्ती स्त्रीच्या संसारावर कायदाही राज्य करतो, आणि तो कायदा दीर्घकाळ असमान होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ च्या दुरुस्तीने पती-पत्नीला समान कारणे मिळाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कायद्याचा तो वारसा होता, पण लोक अजूनही तो बायबलचा नियम असल्यासारखा सांगतात.

वारसाहक्काची गोष्ट नेमकी उलट आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या ख्रिस्ती व्यक्तीची मालमत्ता मुलामुलींमध्ये सारखी वाटली जाते. पती वा पत्नी हयात असल्यास एक तृतीयांश वाटा आधी त्या व्यक्तीचा. येथे मुलगी आणि मुलगा असा भेदच नाही. केरळच्या त्रावणकोर भागात जुन्या स्थानिक कायद्यामुळे मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला. नवी मुंबईत राहणाऱ्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांतील ज्येष्ठांना हा निकाल चांगला आठवतो.

ठाण्यात अडचण कायद्याची नाही. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या जुन्या घरांच्या जागी पुनर्विकासाचे प्रस्ताव आले, जागेला भाव आला, की बहिणींना बोलावणे जाते आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. "तुझे लग्न थाटात करून दिले ना", "भाऊ आहे म्हणून माहेर आहे", एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटा सुटतो. सही स्वेच्छेची असेल तर हक्कसोडपत्र पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि कोणी बहीण समजून-उमजून वाटा सोडत असेल तर तिला अडवणारे आपण कोण? पण ज्या बहिणीला आपला वाटा किती हेच सांगितलेले नसते, तिच्या सहीला स्वेच्छा म्हणता येत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात पतींना बजावले आहे की पत्नी या जीवनरूपी कृपेच्या सहवारस आहेत, त्यांना मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. हे पतींना सांगितले आहे; भावांना ते लागू करायला फारसे धर्मशास्त्र लागत नाही. पॅरिशमध्ये लग्नापूर्वी वधू-वरांसाठी जे वर्ग घेतले जातात, त्यांत इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाबरोबर, एकविसाव्या वचनापासून सुरुवात करून, वारसा कायद्याचे ३७ वे कलमही वाचून दाखवायला हरकत नसावी.